परसांतील कायमची आगटी

मार्गशीर्ष लागला म्हणजे नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील रात्रींचा स्वभाव बदलतो. दुपारचें ऊन अद्याप अंगाला टोंचत असतें. पण दिवस मावळून घटका-दोन घटका होतात न होतात तोंच जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, आणि उघड्या माळावरचा वारा घोंगडीच्या आंत शिरूं पाहतो. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीवर आहे. नांदेड गोदावरीच्या कांठीं, त्याहून आठ-नऊशें फूट खालीं. तथापि पौषांतील कांहीं रात्रीं दोन्हीकडे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, आणि माणसें आपोआप विस्तवाभोंवतीं जमूं लागतात. याच दिवसांत रब्बी ज्वारीचीं कणसें दुधांतून चिकांत येतात, आणि शेताच्या कडेला हातभर खड्डा खणून त्यांत गोवऱ्या पेटविल्या जातात. या खड्ड्यालाच या भागांत आगटी म्हणतात.

विस्तवाच्या निरनिराळ्या रूपांना मराठींत निरनिराळीं नांवें आहेत, आणि तीं उगीच पडलेलीं नाहींत. शेकोटी एका रात्रीची. सकाळीं तिची राख पसरली कीं ती संपली. शेगडी उचलून न्यावयाची. चूल स्वयंपाकाची. धुनी गोसाव्याची, ती विझूं द्यावयाची नाहीं. आगटी मात्र जमिनीच्या पोटांतली. तिचा जाळ वाऱ्यानें इकडेतिकडे धांवत नाहीं, निखारा राखेखालीं तासन् तास जगतो, आणि खड्ड्याच्या भिंती तापून उष्णता परत वर फेंकतात. हा शोध अर्वाचीन नव्हे. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांच्या घरांत व अंगणांत विस्तवाचे असे खड्डे आढळले. म्हणजे या देशींच्या माणसानें आगटी खणावयाचें कोणाकडून शिकावें असें नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं, शेतांतली एका हंगामाची आगटी घराच्या परसांत कायमची करावयाची झाल्यास ती टिकावी कशी, आणि तिच्यापासून घराला व घरांतील पोराबाळांना अपाय होऊं नये म्हणून काय करावें.

हा प्रश्न अलीकडे पुष्कळांना पडूं लागला आहे. रब्बी ज्वारीच्या पुष्कळशा जमिनींत सोयाबीन व हरभरा शिरल्यामुळें घरच्या शेतांत हुरडा असणें हें पूर्वींसारखें गृहीत धरतां येत नाहीं. हुरडा आतां विकत मिळतो, त्याच्या मेजवान्यांच्या जाहिराती होतात, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे माणशीं पैसे मोजून आगटीभोंवतीं बसतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण ज्याच्या घरामागें दहा-पंधरा पावलांची मोकळी जागा आहे, त्यानें बाजारांतून चार शेर कणसें आणून घरच्याच आगटींत भाजावीं, असें त्यास वाटल्यास तेंही स्वाभाविकच. मग गवंड्याला बोलावलें जातें. तो सिमेंट, शहाबादी फरशी व नदीचे गोटे आणावयास सांगतो. आगटी दिसावयास सुबक होते. आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचे तीन तुकडे होतात. कधीं कधीं तर पहिल्याच जाळांत एखादा गोटा बंदुकीच्या बारासारखा फुटतो आणि त्याची कपची कोणाच्या तरी डोळ्याच्या रोखानें उडते. यांत गवंड्याच्या हाताचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो माती, दगड आणि विस्तव या तिघांचे स्वभाव न ओळखण्याचा.

प्रथम मातीचें पाहूं जातां, मराठवाड्याची काळी जमीन ही पिकाला माय असली तरी बांधकामाला वैरीण आहे. तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट या नांवाचें एक खनिज असतें. फ्रान्सांतील माँमोरियों या गांवावरून त्यास हें नांव मिळालें. या खनिजाचे कण एकावर एक ठेवलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पाऊस पडला कीं पाणी पापुद्र्यांच्या मध्यें शिरतें व माती फुगते. चैत्र-वैशाखांत तें पाणी निघून गेलें कीं ती आक्रसते. उन्हाळ्यांत शेताला ज्या भेगा पडतात, ज्यांत काठी घातली तर हातभर आंत जाते, त्या याचमुळें. अशा जमिनीवर वीट किंवा दगड नुसता ठेवून बांधकाम उभें केलें, तर जमीन वर्षांतून एकदां त्यास वर उचलते व एकदां खालीं सोडते. आणि तेंही चहूंकडून सारखें नव्हे. आगटीच्या बाबतींत आणखी एक अडचण अशी कीं, मधला विस्तव आंतील मातीला हिंवाळ्यांतच वाळवून टाकतो आणि बाहेरची माती ओलीच असते. वर्तुळ मग फांकतें.

यावर उपाय जुना आहे व तो प्रत्येक गांवच्या गवंड्याला ठाऊक आहे: काळी माती काढून टाकावी व त्या जागीं मुरूम भरावा. मुरूम फुगत नाहीं व आक्रसतही नाहीं. लातूरच्या पठारावर कित्येक ठिकाणीं हात-दीड हातावरच मुरूम लागतो. तेथें काम निम्मे झालें म्हणून समजावें. गोदावरी, मांजरा यांच्या कांठच्या गाळाच्या जमिनींत मात्र काळी माती पुरुषभर खोल गेली तरी संपत नाहीं. तेथें सगळी काढण्याचा हट्ट व्यर्थ आहे; अडीच फूट खोल काढली म्हणजे आगटीसारख्या हलक्या बांधकामास पुरते.

जागा निवडतांना वाऱ्याचा विचार आधीं करावा. हिंवाळ्यांत या भागांत वारा बहुधा ईशान्येकडून व पूर्वेकडून येतो; म्हणून आगटी घराच्या पश्चिमेस किंवा नैर्ऋत्येस असली तर धूर घरांत न येतां घरापासून दूर जातो. घराच्या भिंतीपासून निदान पंधरा फूट अंतर असावें. जवळ गोठा, कुडाचें छप्पर किंवा कडब्याची गंजी असेल तर पंधरा फूट मुळींच पुरे नाहींत. गंजीपासून पन्नास पावलें दूर जातां येत नसेल तर त्या परसांत कायमची आगटी करूंच नये, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. वेळा अमावास्येला, जिला लातूरकडे येळवस म्हणतात, शेतांत कडब्याची कोप करून तिच्यांत पांडवांची पूजा होते व सारें गांव रानांत जेवतें. त्या दिवशीं विस्तव कोपीपासून किती दूर ठेवावयाचा हें घरांतील वडील माणूस सांगतो व तें ऐकलें जातें. तोच दंडक परसांतही असावा. आगटीच्या वर झाडाची फांदी नसावी, विजेची तार नसावी, आणि खालीं पाण्याचा किंवा सांडपाण्याचा नळ नसावा. कडुलिंबाच्या सांवलींत दुपारीं बसणें सुखाचें असलें तरी त्याच्याखालीं आगटी केल्यानें वरचा पाला करपतो व खालचीं मुळें भाजतात.

आतां दगडाचें. हा सारा प्रदेश ज्वालामुखीच्या थरांचा आहे, आणि काळा पाषाण येथें विपुल. पण सगळा काळा पाषाण सारखा नसतो. जो दगड घट्ट, बारीक कणांचा, व हातोडी मारली असतां घंटेसारखा वाजणारा असतो, तो उष्णता बरीच सोसतो. ज्याच्या अंगावर पांढरे, हिरवट ठिपके असतात, म्हणजे ज्याच्या मूळच्या बुडबुड्यांत पुढें दुसरीं खनिजें भरलीं आहेत, तो सोसत नाहीं. त्या पांढऱ्या खनिजांपैकीं पुष्कळांना झिओलाइट म्हणतात, आणि त्यांच्या घडणींतच पाणी असतें. क्रोनस्टेट नांवाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानें १७५६ सालीं असा दगड तापवून पाहिला, तेव्हां तो उकळल्यासारखा दिसला. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्यानें त्यास उकळणारा दगड असें नांव दिलें. जो दगड तापल्यावर उकळतो, तो आगटीला लावूं नये. नदीच्या गोट्यांचीही गत तशीच. ते दिसावयास गुळगुळीत व सुंदर. पण वर्षानुवर्षें पाण्यांत राहिल्यानें त्यांच्या बारीक चिरांत पाणी मुरलेलें असतें. तें पाणी तापून वाफ होतें आणि वाफेला बाहेर पडावयास वाट सांपडत नाहीं. दगड फुटतो तो यामुळें.

शहाबादी फरशीची गोष्ट निराळी. ती चुनखडीच्या जातीची व थराथरांची आहे. तिच्यावर विस्तव पडला कीं थर सुटून धारदार पापुद्रे उडतात, आणि फारच तापली तर तिचा चुना होऊं लागतो. बसावयाच्या ओट्यावर ती घालावी, विस्तवाला लागूं देऊं नये. सिमेंटचा माल घट्ट होतो तो पाण्याला आपल्या अंगांत बांधून; तीन-चारशें अंशांच्या पुढें तें बांधलेलें पाणी सुटूं लागतें. लाकडाच्या निखाऱ्याची उष्णता याच्या दुप्पट सहज जाते. पुढें पावसाचें पाणी पडलें म्हणजे तापून मोकळा झालेला चुना पुन्हां फुगतो, आणि सांधे खडूसारखे हातांत येतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आगटीचे तुकडे होतात त्याचें रहस्य हें आहे.

तेव्हां आंतील बाजूस पक्की भाजलेली वीट लावावी, हेंच सर्वांत सोपें व स्वस्त. वीट एकदां भट्टींतून निघालेली असल्यामुळें विस्तव तिला नवा नसतो. मात्र ती सर्व बाजूंनीं सारखी तांबडी व ठोकल्यास खणखणणारी असावी. पिवळट, कोंवळी वीट पहिल्याच पावसांत विरघळते. कारखान्यांच्या भट्ट्यांना लावतात ती अग्निवीट मिळाली तर उत्तमच, पण घरगुती आगटीला तिची गरज नाहीं.

विटा जोडावयास माती वापरावी. पण ती काळी नव्हे. मराठवाड्यांतील माणूस शेतजमिनीला काळी आणि गांवठाणाला पांढरी म्हणतो, आणि हा भेद केवळ रंगाचा नाहीं. जुन्या गांवठाणाची पांढरी माती काळीपेक्षां फार कमी फुगते. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या घरांच्या भिंती व धाबीं तिचीं झालीं. दोन भाग पांढरी माती, एक भाग चाळलेली जाड वाळू व थोडी चाळलेली राख एकत्र करून पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावी व पायांनीं तुडवावी. भिंतीच्या गाऱ्यांत भुसकट घालतात तसें येथें घालूं नये; तें जळून जातें व सांधा पोकळ राहतो. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी: या मातीसाठीं गांवची पडकी गढी कुदळूं नये. कित्येक गढ्या केवळ माती नेणाऱ्यांच्या टोपल्यांनीं नाहींशा झाल्या आहेत. घर पाडलेल्या जागीं हवी तेवढी पांढरी माती मिळते.

मातीच्या सांध्यांचें नांव काढलें कीं या भागांत एका पहांटेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, चारला चार मिनिटें कमी असतांना, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला व लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं; आठ हजारांवर माणसें गेलीं. दोन-दोन हात जाड भिंती पडल्या, त्या केवळ मातीच्या सांध्यांमुळें नव्हे. त्या भिंतींना आंतून एक व बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर होते व मध्यें नुसता भर होता. या पदरापासून त्या पदरापर्यंत जाणारा आरपार दगड फारसा कोणीं घातलेला नव्हता. हादरा बसतांच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले व धाब्याचें ओझें खालीं आलें. गुडघाभर उंचीच्या आगटीची आणि त्या घरांची तुलना करणें शोभत नाहीं. परंतु जाडी म्हणजे मजबुती नव्हे, बांधणी म्हणजे मजबुती, हें जें त्या भिंतींनीं दाखविलें तें विटेच्या लहानशा वर्तुळालाही लागू आहे. म्हणून आगटीची वीट आडवी न लावतां तिचें लहान तोंड केंद्राकडे व लांबी भिंतीच्या जाडींत अशी लावावी. म्हणजे प्रत्येक वीटच आरपार होते.

प्रत्यक्ष कामास दोन माणसें व चार-पांच दिवस पुरतात. परसाच्या मध्यभागीं खुंटी ठोकून तीन फुटांच्या दोरीनें वर्तुळ काढावें व तेवढ्यांत अडीच फूट खोल खणावें. माती सुमारें सत्तर घनफूट निघते. ती फेंकूं नये, फुलझाडांच्या वाफ्यांना ती उपयोगी पडते. तळाशीं मुरमाचे सहा-सहा इंचांचे दोन थर द्यावेत. प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसानें इतका ठोकावा कीं टांच मारली असतां खूण उमटूं नये. या ठोकण्यांत जो आळस करील त्याला पुढचें सारें काम पुन्हां करावें लागेल. मुरूम एकंदर अर्ध्या ब्रासाहून किंचित् जास्त लागतो. खड्डा आतां दीड फूट खोल उरला. त्याच्या मध्यभागीं एक लोखंडी गज उभा रोवून त्याला दीड फुटाची दोरी सैल अडकवावी, आणि ती फिरवीत फिरवीत विटांचा पहिला थर मांडावा. आंतून तीन फूट व्यासाचें वर्तुळ साधतें. चार इंच रुंदीच्या वीटेचे हिशेबानें एका थराला सव्वीस विटा बसतात. आंतील बाजूस सांधे बोटाच्या पेराहून कमी असावेत; बाहेरच्या बाजूस ते फांकून अडीच इंचांपर्यंत जातात, तेथें विटांचे तुकडे मातींत दाबून बसवावेत. पुढच्या थराची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर यावी; गवंडी यास सांधमोड म्हणतात. प्रत्येक थरावर साधणी व ओळंबा लावून पहावें. असे आठ थर झाले म्हणजे भिंत सव्वादोन फूट होते: दीड फूट जमिनींत व पाऊण फूट वर. फुटीतुटी धरून सव्वादोनशें विटा आणाव्या.

वरचा पाऊण फुटाचा कांठ शोभेसाठीं नाहीं. रांगतें मूल विस्तवाकडे गेलें तर कांठ त्यास अडवितो, पळतांना पाय घसरलेला मुलगा एकदम खड्ड्यांत जात नाहीं, आणि पावसाचें वाहतें पाणी आंत शिरत नाहीं. शेतांतल्या आगटीला असा कांठ नसतो. तेथें तिच्याजवळ सदा कोणीतरी मोठें माणूस असतें. परसांतील आगटी दिवसभर एकटी असते.

भिंतीच्या आंत तळाशीं सहा इंच जाड खडी व वर जाड वाळू पसरावी; म्हणजे तळ जमिनीपासून एक फूट खालीं राहतो. भिंतीच्या बाहेरची पोकळीही मुरमानेंच भरून ठोकावी. ही खडी पाणी पिऊन टाकील अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. खालची काळी माती एकदां भिजली कीं पाणी आंत घेईनाशी होते. खडीचें काम निखारा ओल्या जमिनीपासून उचलून धरण्याचें.

खोल आगटीला एक व्याधी असते, ती श्वासाची. जाळ वर असतां हवा त्याला चहूंकडून मिळते. निखारा खालीं बसला कीं तो आपल्याच धुरांत गुदमरतो, आणि भोंवतीं बसलेल्यांचे डोळे चुरचुरतात. गुऱ्हाळाचें चुलवाण ज्यानें पाहिलें आहे त्यास हें सांगावयास नको. चुलवाणांत चिपाड भडभडून जळतें तें त्याच्या तोंडातून वारा खेंचला जातो म्हणून. आगटीलाही तशी वाट ठेवावी. तिसऱ्या थरांत, म्हणजे तळाच्या लगेच वर, ईशान्येस व पूर्वेस एकेक वीट गाळून तेथें तीन इंच व्यासाचा, चार फूट लांबीचा मातीचा किंवा साध्या लोखंडाचा नळ तिरपा बसवावा. त्याचें बाहेरचें तोंड जमिनीच्या चार बोटें वर यावें. जस्ताचा मुलामा दिलेला नळ वापरूं नये, कारण जस्त फार तापल्यास त्याची विषारी वाफ होते. बाहेरच्या तोंडावर बारीक जाळी अवश्य लावावी. मराठवाड्यांत उबदार अंधाऱ्या भोंकाची वाट पाहणारे विंचू कमी नाहींत.

भोंवतीं तीन फूट रुंदीचा मुरमाचा पट्टा बाहेरच्या बाजूस उतार देऊन ठोकावा व तेथें गवत येऊं देऊं नये. त्याच्या पलीकडे ओटा किंवा दगड मांडले तर बारा-तेरा माणसें ऐसपैस बसतात. एका घराला व शेजाऱ्याला एवढें पुरे.

काम संपल्याबरोबर विस्तव पेटविण्याची घाई सर्वांनाच होते. ती आवरावी. मातीचे सांधे सांवलींत पंधरा दिवस वाळूं द्यावेत. नंतर तीन-चार संध्याकाळीं मूठ-दोन मूठ काटक्यांचा मंद जाळ करावा, आणि मगच पुरता विस्तव करावा. आंत राहिलेली ओल हळूहळू गेली तर भिंत तडकत नाहीं. बारीक चिरा पडतीलच. त्या पातळ गाऱ्यानें भराव्या. बाहेरून शेणमातीचा हात दिला म्हणजे आगटी घरच्या चुलीसारखी दिसूं लागते.

सरपणांत बाभळीची सर दुसऱ्या कशाला नाहीं. तिचा निखारा जड व दीर्घायुषी. तुरीच्या तुराट्या पेट घेण्यास उत्तम, पण लागलीच संपतात. कपाशीच्या पळाट्यांवर वर्षभर फवारलेलें औषध असतें. त्यांच्या विस्तवावर खाण्याची वस्तु भाजूं नये. कण्हेरीची फांदी तर चुकूनही आंत जाऊं देऊं नये, ती सर्वांगानें विषारी आहे. रंग दिलेलें लाकूड, टायर व प्लॅस्टिक यांविषयीं बोलावयासच नको.

हुरड्यासाठीं मात्र लांकडापेक्षां गोवरी श्रेष्ठ, आणि तींतही रानशेणी. गोवऱ्या रचून पेटवाव्या व जाळ संपूर्ण बसूं द्यावा. धूर निघत असतां कणीस घातलें तर दाणा कडवट होतो. निखाऱ्यावर राखेची पांढरी साय आली कीं ती काठीनें थोडी सारून कणसें राखेंत खोंचावीं, देंठ बाहेर ठेवावे व दर अर्ध्या-एक मिनिटानें फिरवावें. तीन-चार मिनिटांत दाणा तडतडूं लागतो. मग कणीस काढून, राख झटकून, हातावर किंवा स्वच्छ पोत्यावर गरम असतांनाच चोळावें. हातावर चोळणाऱ्याचे तळवे पहिल्या दिवशीं लाल होतात. त्याला इलाज नाहीं. मालदांडी ज्वारीचाही हुरडा होतो, पण तिचा दाणा सुटावयास चिवट. सुरती, गूळभेंडी या जाती खास हुरड्याच्या. परभणीच्या कृषि विद्यापीठानें याच कामासाठीं परभणी वसंत नांवाचा वाण दिला आहे. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, गूळ व दही असलें म्हणजे जेवणाची आठवण रात्रीं दहापर्यंत होत नाहीं.

यापुढील भाग रुचकर नाहीं, पण तो टाळतां येत नाहीं. आगटीचे अपघात जाळ चालू असतां थोडे होतात. बहुतेक दुसऱ्या दिवशीं सकाळीं होतात. राखेखालीं निखारा बारा-बारा तास जिवंत राहतो. वरून सारें थंड व करडें दिसतें. मूल खेळतां खेळतां हात घालतें, किंवा कोणी ती राख टोपलींत भरून उकिरड्यावर फेंकतो आणि दुपारच्या वाऱ्यानें उकिरडा पेटतो. यासाठीं उठण्यापूर्वीं निखारे काठीनें पसरून त्यांवर चार-पांच पाट्या सुकी माती टाकावी व नळांचीं तोंडें बंद करावीं. हवा तुटली कीं विस्तव मरतो. राख दोन दिवसांनीं, हाताची पाठ जवळ नेऊन पाहिल्यावरच, पत्र्याच्या डब्यांत काढावी.

पाणी ओतून विझविण्याची रीत या आगटीला घातक आहे. तापलेल्या विटेवर थंड पाणी पडलें कीं ती तडकते, आणि खड्ड्यांतून एकदम उसळणारी वाफ ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. शिवाय ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें विस्तवावर घागरी रित्या करणें कोणालाही रुचणार नाहीं. पाण्याची एक बादली मात्र जवळ भरलेली असावीच. ती विस्तवासाठीं नव्हे, माणसासाठीं. कोणी भाजलें तर त्या जागेवर साधें थंड पाणी वीस मिनिटें सतत धरावें. तेल, शाई, दांत घासावयाची पेस्ट, हळद यांपैकीं कांहींही लावूं नये. फोड फोडूं नयेत. आणि भाजलेली जागा तळहाताहून मोठी असली, किंवा तोंड, हात, सांधे यांवर असली, तर दवाखाना गांठावा. कपड्याला पेट लागला तर पळूं नये; जमिनीवर लोळावें, व जवळच्या माणसानें जाड सुती घोंगडी किंवा सतरंजी अंगावर टाकून जाळ दाबावा. नायलॉनच्या साड्या व पॉलिएस्टरचे सदरे आगटीपासून दूर बरे. ते जळत नाहींत, वितळून कातडीला चिकटतात व मग जळतात.

आणखी एक सवय फार वाईट आहे. रात्रीं थंडी वाढली कीं उरलेले निखारे घमेल्यांत भरून निजावयाच्या खोलींत नेतात व दार लावून घेतात. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाहीं व रंग नाहीं. निजलेलें माणूस त्यानें उठत नाहीं. आगटीचा विस्तव आगटींतच संपला पाहिजे.

हुरडा माघ सरतां सरतां संपतो व होळीनंतर आगटीकडे कोणाचें लक्ष राहत नाहीं. चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांत ती पेटवूं नयेच. त्या दिवसांतील वावटळ एक ठिणगी कोठें नेऊन टाकील याचा नेम नाहीं. मृगापूर्वीं राख तळापर्यंत काढावी, कारण ओली राख क्षार सोडते आणि तो विटांच्या सांध्यांत मुरतो. ही राख वांग्याच्या, मिरचीच्या वाफ्यांत थोडीथोडी घालतां येते. नंतर आगटीवर पत्र्याचें झांकण घालून त्यावर दोन दगड ठेवावेत. भिंतीबाहेरचा मुरूम पावसानें खचला असेल तर तेथें दसऱ्याच्या सुमारास पुन्हां दोन पाट्या टाकून ठोकावा, सांधे पाहून गारा भरावा, नळाच्या जाळीमागें विंचू नाहीं ना हें काठी घालून पहावें, आणि शेणमातीचा एक हात द्यावा. त्याच सुमारास काळ्या रानांत ज्वारीचीं पोटें पेरलीं जात असतात. त्या पेऱ्याला कणसें येईपर्यंत आगटी वाळून तयार होते.